एकाच अंगाच्या दोन गाड्या

उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या ह्यांचं गाडी चालवणं बंद झालं आणि स्टिअरिंग माझ्या हाती आलं. नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा हे म्हणाले, "घ्यायची तर दांडगी. नुसती उभी राहिली तरी पैलवान दिसली पाहिजे."

तशी एक दोन प्रकारांत मिळत होती, पेट्रोलवर चालणारी आणि बॅटरीवर चालणारी. ह्यांचं पेट्रोल आधीच ठरलेलं. नगरच्या शोरूममधला माणूस सगळं ह्यांनाच समजावत होता. मी म्हटलं, "चालवणार मी आहे. दोन्ही गाड्या करंजीच्या घाटात नेऊन बघीन, मगच बोलू."

आधी पेट्रोलची घेतली. चढावर पाय दाबला तशी तिनं क्षणभर दम खाल्ला, गिअर बदलला आणि अशी डरकाळी फोडली की माझाही ऊर भरून आला. हे शेजारी बसून खुशीत हसत होते. वळणावर मेंढरांचा कळप होता, तो आवाजानंच बाजूला झाला.

शोरूमवाल्यानं दुसरी गाडी मागोमाग आणली होती. पायथ्याशी परत येऊन आम्ही गाडी बदलली. हिनं दम खाल्लाच नाही. पाय टेकवायचा अवकाश, पाठ सीटला चिकटली. ह्यांनी दारावरचं हँडल धरलं. "अगं, हळू!" उतारावर नुसता पाय उचलला की गाडी आपणहून आवरायची. पण तोच कळप तिच्यापुढं हलेना. मेंढरांमागची बाई काचेशी आली. "ताई, आवाज न्हाई व्हय हिला? जनावराला कळायचं कसं?" कळप पार होईपर्यंत मी थांबले.

खाली आल्यावर मी सांगितलं, "हीच."

"मुकी गाडी. तिच्यात काय मजा?"

"मजा तुमची, वळणं माझी."

नेवाशाला घरी परतताना हे समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला कान देत होते. मला वाईट वाटलं. चालवणं गेलंच होतं, आता आवाजही मी काढून घेत होते. तरी मी शब्द फिरवला नाही.

आमच्या वस्तीवरची वीज लहरी. असेल तेव्हा गाडी चार्जिंगला लावायची, ही सवय मी अंगी बाणवली. कर्जतला लेकीकडं जाताना वाटेत चार्जिंगला थांबावं लागतं. तेव्हा हे टपरीवर बसून भेटेल त्याला सांगतात, पेट्रोलचीच घ्यायला हवी होती.

परवा एकानं विचारलं, "मग का न्हाई घेतली?"

"चालवणारीनं ऐकलं नाही," हे म्हणाले. सुरात तक्रार कमी, मिरवणंच जास्त होतं.

मी चहा संपवला आणि चार्जिंगची वायर काढायला उठले.