पोटातलं मशीन

परभणीच्या आमच्या कार्यालयातला पहिला कॉम्प्युटर फार हळू चालायचा. ‘बाईंचाच हात चालत नाही,’ म्हणून साहेब मला टायपिस्टच्या कामावरून काढणार होते.

एका दुपारी दुरुस्तीवाला आला. पेटीवर तळहात ठेवून, डोळे मिटून तो कितीतरी वेळ घरघर ऐकत बसला. खिडकीतून सावरीचा कापूस तरंगत आत येत होता.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “ह्याच्या पोटात दुसरं मशीन चालायलंय, खरं न्हाई, प्रोग्रामनं बनवलेला कॉम्प्युटर. बाईंचं काम तेच करतंय, अन् त्याला जागाच ठेवली न्हाई तुमी.”

त्यानं बाहेरचे प्रोग्राम बंद करून ती मेमरी आतल्याला दिली. माझी अक्षरं भराभर उमटू लागली.

हजेरीपटावर पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव साहेबांनी शाईनं गिरवलं. दुरुस्तीवाल्याचं नाव मात्र विचारायचं राहूनच गेलं.