साहेबांची झोप आणि जिन्यावरची तिजोरी

ती घटना आज आठवली तरी माझे डोके तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाभावांतल्या कोयत्याच्या मारामाऱ्या पाहिल्या. त्या गुन्हेगारांचा राग काळाबरोबर विरून गेला. ह्या एका प्रकरणाचा मात्र गेला नाही, आणि गंमत म्हणजे ह्यातला कोणीही माणूस रूढ अर्थाने गुन्हेगार नव्हता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात मी फौजदार होतो. तिथे भाड्याच्या घरात, माडीवर, एक सरकारी कचेरी होती. तिला नवी इमारत मिळाली आणि सामान हलवण्याचे काम निघाले. कपाटे, बाके, दप्तरे बैलगाडीतून गेली. शेवटी राहिली ती भलीमोठी लोखंडी तिजोरी. तिच्यासाठी बंदरावरचे गडी बोलावले होते.

दुपारी कचेरीचा शिपाई धापा टाकत ठाण्यात आला. तिजोरी जिन्यावरून उतरवताना एक गडी तिच्याखाली सापडून जागीच मेला होता. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

जिन्याच्या तळाशी माणूस पडला होता. तिशीचा, अंगाने काटक. शेजारी तिजोरी आडवी. कचेरीचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, ते माझी वाटच पाहत होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "फौजदारसाहेब, काय सांगू! हा झोकून आला होता. किती समजावलं, पण ही माणसं ऐकतात कुठे?"

माझा एक अनुभव सांगतो. ज्याचे माणूस गेले तो आधी रडतो, मग बोलतो. जो आधी कारण सांगतो त्याच्याकडे जरा नीट पाहावे. पंच म्हणून भाऊसाहेबांनी स्वतःच्याच कचेरीतले दोन कारकून पुढे केले. मी ते नाकारले आणि बाजारातून दोन दुकानदार बोलावून पंचनामा केला. भाऊसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

गड्यांचे जबाब हवालदाराने घेतले. मुकादम आणि त्याचे तिन्ही गडी, चौघेही एकच वाक्य सांगत होते: मयताने मद्यप्राशन केले असल्यामुळे त्याचा तोल गेला. मी एका गड्याला विचारले, "मद्यप्राशन म्हणजे काय रे?" तो खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. हे पढवलेले पोपट होते हे सांगायला शोधपथक नको होते. पण पढवले का, आणि हे पढले का?

दुसऱ्या दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. मिठबावच्या बाजूच्या एका खेड्यातून चालत आली होती. टेबलासमोर उभी राहिली.

"साहेबानू, माझो घोव दारू पिणारो नाय. सगळो गाव सांगात. मेलो तो मेलो, आता तेचां नावय मारतास?"

मी विचारले, "तो प्यायला होता असं तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या भावान," ती म्हणाली. "मुकादम माझो सख्खो भाव."

सख्खा मेव्हणा मेला, आणि मुकादमाने बहिणीच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला दारुडा ठरवले होते. ते दारूबंदीचे दिवस होते. दारू पिणे हा नुसता अवगुण नव्हता, गुन्हा होता. त्या बाईला उरलेला जन्म त्याच गावात, त्याच विहिरीवर काढायचा होता. त्याच दिवशी दवाखान्यातून शवविच्छेदनाचा अहवाल आला. मयताच्या पोटात सकाळची पेज होती. दारूचा मागमूस नव्हता.

म्हणजे खोटे कोण बोलते ते कळले. का बोलते ते कळत नव्हते.

ते उलगडले आमच्या शिंप्यामुळे. त्याचे दुकान कचेरीच्या अगदी समोर. ठाण्याचे गणवेश तोच शिवी. माझी पँट द्यायच्या निमित्ताने तो आला, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "साहेबानू, माझां नाव खंय घेव नकात. पण त्या दोपारी हाळी आयकूक इली नाय. माका वाटलां, गडी जेवक गेले. आणि एकदम धाडकन आवाज इलो."

किनाऱ्यावर नोकरी केलेल्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. होडी वाळूवर ओढायची असो की गलबतातला माल उतरवायचा असो, इथले गडी मुक्याने काम करत नाहीत. मुकादम हाळी घालतो, बाकीचे "हैसा" म्हणतात, आणि त्या एका शब्दावर सगळ्यांचे हात एकदम चालतात. ओझे सोडायचे तेही हाळीवरच. कोणाला दुसऱ्याकडे पाहावे लागत नाही, कान पुरतो. अशा माणसांना तोंड बांधून जिन्यावर उभे करणे म्हणजे आंधळ्याची काठी काढून घेणे.

मी मुकादमाला बोलावले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. बसायला सांगितले, पाणी दिले आणि एवढेच विचारले, "हाळी का घातली नाहीस?"

त्याने तोंड दोन्ही हातांत लपवले. हमसून हमसून रडत होता.

"भाऊसाहेब म्हणाले, सायब खाली निजलेत. तोंडातसून आवाज काढूचो नाय, नायतर उद्यापासून बंदरात काम नाय. भावोजी म्हणालो, हाळी नाय तर मी खाली रवणंय नाय. मीच तेका म्हटलंय, चल रे, इतको काय भियतंस! मीच तेका उभो केलंय, साहेबानू."

जिन्यावर फळी टाकून, मागून दोराने धरून ते तिजोरी उतरवत होते, आणि हाळीऐवजी मुकादम हाताने खुणा करत होता. मागच्या गड्याला खूण दिसली नाही. एकाने दोर सोडला, दुसऱ्याने धरून ठेवला. तिजोरी फळीवरून कलंडली आणि खाली उभ्या असलेल्या माणसावर गेली.

"आणि दारूचं काय?"

"भाऊसाहेब म्हणाले, तो पियाललो असां सांगा. नायतर तुमी सगळेच पियालले असां लिवन देतंय. जेलात जाशात."

आता साहेब कोण ते सांगतो. जिल्ह्याहून तपासणीला आलेले एक बडे अधिकारी. भाऊसाहेबांच्या घरी सुरमई आणि सोलकढी यथेच्छ हाणून ते कचेरीच्या खालच्या खोलीत खाटेवर आडवे झाले होते. भाऊसाहेबांना बढती हवी होती. साहेबांची झोप मोडू नये म्हणून त्यांनी गड्यांची तोंडे बंद केली. तिजोरी तासाभराने हलवली असती तर सरकार बुडणार नव्हते.

मी साहेबांचा जबाब घेतला. ते म्हणाले, "मी कोणालाही गप्प राहायला सांगितलेलं नाही. दुपारी विश्रांती घेणं गुन्हा आहे का? उलट त्या आवाजाने मीच दचकून उठलो. रात्रीपर्यंत डोकं दुखत होतं."

डोके दुखत होते! मी हे वाक्य शब्दशः लिहून त्यांची सही घेतली. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हते, ह्याची चीड मला त्या वेळीही आली आणि आजही येते.

भाऊसाहेबांवर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. वरून निरोप आला, "एवढं ताणू नका, शेवटी अपघातच तो." मी ताणले. कोर्टाने भाऊसाहेबांना दंड केला आणि त्यांची बदली झाली. साहेब मात्र यथावकाश वर चढले.

मयताच्या बायकोला मी बोलावून सांगितले की अहवालात स्पष्ट लिहिले आहे, तो प्यायला नव्हता.

"बरां झालां. पण गावाक ह्यो कागद कोण वाचून दाखवतलो? तुमी येवन सांगा."

असले काम कोणत्याही नियमात बसत नाही. तरी मी गणवेश घालून तिच्या गावी गेलो. देवळासमोर माणसे जमली होती. मी अहवाल वाचला. तेव्हा ती गर्दीत मागे उभ्या असलेल्या भावाकडे वळली.

"साहेबांनी सांगितलां ता लोकांनी आयकलां. आता तू सांग. तू सांगलंस तर मी आयकेन."

मुकादम पुढे आला. सगळ्या गावासमोर म्हणाला, "तो पियाललो नाय होतो. मी खोटां बोललंय. तो नको म्हणा होतो, मी तेका धाडलंय." ती पदर सावरून भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ह्या प्रकरणाने मला एक शिकवले. मेलेल्या कष्टकऱ्याबद्दल "तो प्यायला होता" हे लिहायला सगळ्यांत सोपे वाक्य आहे, कारण तो उठून नाही म्हणत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत हे वाक्य समोर आले की मी पेन खाली ठेवत असे आणि आधी विचारत असे, काम चालू असताना तिथे हुकूम कोणाचा होता?

त्या दिवशी देवळासमोर एका मुकादमाने सगळ्यांदेखत मान खाली घातली. ज्याच्या झोपेसाठी माणूस मेला, त्याला मृताचे नाव काय होते हेसुद्धा कधी विचारावेसे वाटले नाही.