इंदूताई ‘ऑनेस्टली’ म्हणाल्या नव्हत्या

घडातला एक मणी बोटांत फिरवत परदेशी इन्स्पेक्टरने विचारलं, "हे पांढरे डाग कसले?"

येडगावातली इंदूताईंची द्राक्षबाग. मी एका एक्स्पोर्ट कंपनीचा फील्ड ऑफिसर, आणि त्या दिवशी दुभाष्याही मीच. शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरावीक दिवस जावे लागतात, नाहीतर फळात औषधाचा अंश राहतो. त्याला रेसिड्यू म्हणतात. लॅबचा रिपोर्ट यायचा होता, पण पॅकहाउसला लागलेला कंटेनर त्यासाठी थांबणार नव्हता. प्लॉट घ्यायचा की सोडायचा, हे इन्स्पेक्टर तिथेच ठरवणार होता.

डाग रस्त्याच्या कामाच्या धुळीचे आहेत, असं इंदूताईंनी सांगितलं. शेवटच्या ठरलेल्या फवारणीनंतर पुन्हा फवारा मारला का, असं त्याने विचारलं, तेव्हा त्यांनी मांडवाखाली उभ्या असलेल्या सुनेकडे हात केला.

"भाऊ, सून पोटुशी हाय. रोज ह्याच वेलीची खाती, न धुता. तिच्या पोटात मी इख घालीन व्हय?"

पाहुण्याला गावगप्पा सांगत बसू नका, असं आमच्या साहेबांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं. मलाही ते बोलणं अडाणी वाटलं. मी इंग्रजीत एवढंच म्हणालो, "ऑनेस्टली, नो स्प्रे."

शाळेत या शब्दाचा अर्थ शिकलो होतो, प्रामाणिकपणे. पण वाक्याच्या तोंडीच तो आला की बोलणारा सारवासारव करतोय असं अनेकदा वाटतं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्टर हसला. हा शब्द मला प्रत्येक बागेत ऐकवतात, म्हणाला. मणी टाकून तो गाडीकडे निघाला.

"समदं सांगितलं का त्याला? सुनेचं बी?" इंदूताईंनी विचारलं.

"सगळं सांगितलं."

"आन् तरी मी खोटी?"

मी गाडीत बसलो.

माल लोकल व्यापाऱ्याने पडत्या भावात नेला. नंतर रिपोर्ट आला, क्लीन. तोवर बाईने चोरून फवारा मारला, हे गावभर झालं होतं. पुढच्या हंगामात एकही कंपनी त्यांच्या बागेत गेली नाही. मी गप्प राहिलो, रिटायर झालो.

परवा जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं.

"मला काय सांगता, भाऊ? म्या फवारा मारला नाय, मला ठावं व्हतंच. गावाला सांगा."

म्हणून हे लिहिलं. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं काम असेल, तर ते अडाणी वाटलं तरी पुरतं पोचवावं. पदरचा शब्द घालू नये.