गाडी सोडवून आणली

आमच्या सासरी त्या तीन दिवसांत "गाडी सोडवायची आहे" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. सासूबाई देवापुढे बसून तेच म्हणत, आमचे हे जेवताना तेच म्हणत, आणि ज्यांच्यामुळे गाडी अडकली होती ते मामंजी पलंगावर पडून, कपाळावर ओली पट्टी ठेवून तेच म्हणत. गाडीबरोबर पोलिसांनी एक माणूसही धरून ठेवला होता. त्याला सोडवायचं असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घरच्यांना नावं ठेवताना मला कुणी साध्वी समजायला नको.

मामंजी वकील. संस्थान होतं तोवर ते उघडपणे घेत. संस्थान विलीन झालं, मागोमाग दारूबंदी आली आणि मामंजी दारूबंदीच्या प्रचार समितीवर गेले. त्यात त्यांना स्वतःला काही विचित्र वाटलं नाही. खादीच्या दोन टोप्या शिवून घेतल्या आणि गावोगावच्या सभांना जाऊ लागले. दारूने गरिबाच्या संसाराची कशी धूळधाण होते ते डोळ्यांत पाणी आणून सांगत. पाणी खरं असे. सभा आटोपली की कुणाच्या तरी मळ्यावर जेवण, आणि जेवणाआधी द्राक्षासव. त्या दोन-तीन वर्षांत कोल्हापुरातली बडी माणसं एकदम इतकी अशक्त कशी झाली कोण जाणे. ज्याला त्याला वैद्यांनी द्राक्षासवच सांगितलेलं होतं. मामंजींच्या बाटलीवर लेबल वैद्याचं असे, आत काय असे ते घरातल्या मांजरालाही कळत होतं.

गाडी माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली. वडिलांचा पेठ वडगावला गुळाचा व्यापार. माणूस संशयी, आणि व्याह्यांना एका नजरेत ओळखलेलं, म्हणून गाडी त्यांनी माझ्या नावावर करून दिली. मामंजींना ते फार लागलं होतं. पण कागदावर नाव असून मला त्याचा उपयोग काय? मागच्या सीटवर, सासूबाईंच्या डाव्या हाताला, खिडक्यांचे पडदे ओढून मी बसत असे. दोन वर्षांत पुढच्या काचेतून मी रस्ता पाहिला नव्हता.

ती चालवायला कोडोलीचा एक माणूस ठेवला होता. शेतकऱ्याघरचा, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, लढाईच्या वेळी पलटणीत ड्रायव्हिंग शिकून आलेला. घरात सगळे त्याला अरे-तुरे करत आणि महिन्याभरात मीही करू लागले. तो माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ. मटण नाही, दारू नाही, खोटं बोलणं नाही, असा त्याच्या बुवांनी घालून दिलेला नेम. आमच्याकडे रविवारी रस्सा शिजायला लागला की हा आपली भाकरी आणि ठेचा घेऊन गाडीच्या पायरीवर जाऊन बसे. मामंजी त्याची थट्टा करत. आपल्याला असा नोकर लाभलाय याचा अभिमानही पाहुण्यांपुढे मिरवत. म्हणजे पिणार हे आणि गळ्यात माळ असलेला माणूस दाखवणार घरचा.

तर त्या दिवशी कोडोलीला दारूबंदीचीच सभा होती. सभेनंतर जेवण झालं, जेवणाआधीचं ते झालं, आणि मामंजींना गाडी स्वतः चालवायची हुक्की आली. ती नेहमीच येई. ड्रायव्हर बिचारा मुकाट्याने बाजूला सरकून बसे आणि हँडब्रेकवर हात ठेवून देवाचं नाव घेई. कोल्हापूरच्या अलीकडे नाक्यावर रस्त्यात आडवा बांबू लावलेला होता. तो बांबू सगळ्या जगाला दिसत होता, मामंजींना दिसला नाही. बांबू मोडून गाडी कट्ट्याला टेकली. पोलीस धावत आले तेव्हा मामंजींनी पायाशी ठेवलेली बाटली घाईघाईने ड्रायव्हरच्या मांडीवर टाकली. बूच सैल होतं. निम्मी बाटली त्याच्या सदऱ्यावर सांडली.

जमादाराने मामंजींना ओळखलं. आदल्याच आठवड्यात तो त्यांच्या सभेला बंदोबस्ताला होता. त्याने नमस्कार केला, टांगा बोलावला आणि त्यांना घरी पाठवून दिलं. मग पंचनामा झाला. मोडलेला बांबू, निम्मी बाटली, गाडी, गाडीतला पंप, सुरू करायचं हँडल, सगळं बारकाईने लिहिलं. चालक कोण, तेवढी जागा कोरी सोडली. बड्या माणसाचं नाव असं तडकाफडकी लिहू नये, घरच्यांना विचार करायला सवड द्यावी, अशी ती आमच्याकडची रीत. ड्रायव्हरला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सदऱ्याचा वास घेतला आणि तोंडाचा म्हणून लिहिला.

दुसऱ्या दिवशी चौकीतून निरोप आला. गाडीत दारू सापडलेली, तेव्हा गाडी सरकारजमा होऊ शकते. मालकाने स्वतः येऊन लेखी जबाब दिला, की हे आपल्या नकळत घडलं आणि गाडी अमुक माणूस चालवत होता, तर गाडी परत देता येईल. मालक म्हणजे मी. कोऱ्या जागेत कुणाचं नाव भरायचं ते माझ्या जबाबावर ठरणार होतं.

त्या निरोपानंतर घराने जो रंग बदलला तो पाहण्यासारखा होता. मामंजींनी मला आपल्या खोलीत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. दोन वर्षं मी त्या खोलीत उभी राहूनच बोलले होते. सासूबाईंनी पहिल्या वाफेचा भात मला वाढला. आमच्या ह्यांनी, जे स्वतःही वकील आणि ज्यांना मुद्देसूद बोलणं फक्त कोर्टातच सुचे, मला दोनदा "तुझं काय मत?" असं विचारलं. माझ्या मताचा त्यांना उपयोग नव्हता, सही हवी होती. हे मला कळत होतं. आणि तरीही आवडत होतं, हे सांगायला आज लाज वाटते, पण आवडत होतं. मी त्या खुर्चीवर पदर सारखा करून ऐटीत बसले होते.

जबाब ह्यांनीच लिहून काढला. मी गाडीची मालकीण. ड्रायव्हरला गाडी देऊन मामंजींना आणायला पाठवलं. वाटेत त्याने माझ्या नकळत मद्यप्राशन केलं. गाडी तोच चालवत होता. मी विचारलं, त्याचं पुढे काय होणार? मामंजी पट्टी बाजूला करून म्हणाले, दंड होईल, तो आपण भरू, चार दिवसांत सुटेल. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव खराब होण्यापेक्षा हे बरं, असंही म्हणाले. मोठा माणूस म्हणजे ते स्वतः. ड्रायव्हरलाही नाव असतं आणि ते खराब होऊ शकतं हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ड्रायव्हरचं मन वळवायला कारकुनाला चौकीत पाठवलं होतं. तो परत येऊन म्हणाला, कबूल झाला. काय म्हणाला, असं मी विचारलं. कारकुनाने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले, "वैनीसाब लिवतील ते मला कबूल हाय."

घरच्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्या शब्दांचा अर्थ वेगळा लागला. तो कबूल झाला नव्हता. घरातल्या बाकीच्यांची त्याने आशा सोडली होती आणि माझ्यावर भरवसा टाकला होता. वैनीसाब काही खोटं लिहिणार नाहीत असं त्या भोळ्या माणसाला वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टांग्यातून हे आणि मी चौकीत गेलो. आवारात माझी गाडी उभी होती, पुढचा एक दिवा फुटलेला, आणि तिच्याभोवती हातभट्टीची जप्त केलेली मडकी रचून ठेवलेली. फौजदार फार अदबीने वागला. मला बसायला खुर्ची पुसून दिली. त्या आठवड्यात मला खुर्च्या बऱ्याच मिळाल्या. ड्रायव्हरला आणून दाराशी उभं केलं. अंगात तोच सदरा होता. फौजदाराने जबाब मोठ्याने वाचला आणि विचारलं, "बाईसाहेब, हे असंच घडलं ना?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मी दौतीकडे बघत होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. गाडी माझी, सही माझी, आणि त्या खोलीत माझ्याएवढा अधिकार कुणालाच नव्हता. फौजदारालाही नव्हता. मी "हो" म्हणाले आणि सही केली. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार; फौजदाराने त्याचं कौतुक केलं.

एवढ्यावर भागलं नाही. फौजदाराचं लक्ष ड्रायव्हरच्या गळ्याकडे गेलं. मॅजिस्ट्रेट बाहेरचा आहे, कडक आहे, माळकरी माणूस दारू प्यायला हे त्याला पटायचं नाही, असं तो म्हणाला. आमचे हे लगेच म्हणाले, मग काढून ठेव की ती. टोपी काढायला सांगावं तसं सांगितलं. ड्रायव्हरने माळ डोक्यावरून काढली आणि ह्यांच्या पुढे केलेल्या हातात न देता माझ्याकडे आला. "देवघरात ठिवा वैनीसाब," एवढंच म्हणाला.

गाडी सुटली. पण न्यायची कुणी? ह्यांना चालवता येत नव्हती आणि मामंजी तर पट्टी लावून पडलेले. फौजदाराने डोकं चालवलं. एका शिपायाला बरोबर देऊन त्याने ड्रायव्हरलाच गाडी घरी पोचवायला सांगितलं. दारू पिऊन गाडी हाकली म्हणून ज्याला अटकेत ठेवलं, त्याच्याच हाती पोलिसांनी भर बाजारातून गाडी दिली, आणि यात काही चुकतंय असं शिपायाला, फौजदाराला किंवा माझ्या वकील नवऱ्याला वाटलं नाही. शिपाई पुढे बसला होता. मी मागे, मुठीत माळ धरून. राजारामपुरीतल्या आमच्या घरापर्यंत ड्रायव्हरने एकदाही गचका बसू दिला नाही.

दारात सासूबाई तयार होत्या. गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मामंजी पट्टी सोडून पायरीपर्यंत आले आणि फुटलेल्या दिव्यावरून हात फिरवत हळहळले. ड्रायव्हरने उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि शिपायाबरोबर उन्हातून चालत चौकीकडे परत गेला. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मॅजिस्ट्रेट खरोखरच कडक निघाला. दंडावर भागवलं नाही. महिनाभराची सक्तमजुरी दिली. ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला होता, मग वकील देण्याची गरजही उरली नव्हती. मामंजींनी दोन दिवस वाईट वाटून घेतलं. पुढच्या सभेत त्यांनी नोकरवर्गात दारूचं व्यसन किती खोलवर रुजलंय यावर भाषण केलं आणि घरचंच उदाहरण दिलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी बसून त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत होते, कारण त्यांच्या खोलीतली खुर्ची आता पुन्हा त्यांची झाली होती आणि मी पुन्हा दारात उभी राहून बोलू लागले होते.

महिना संपल्यावर तो मागच्या दाराने आला. केस बारीक कापलेले, हात सोललेले. मामंजी त्याला नोकरीवर परत घ्यायला तयार होते, उपकार केल्यासारखे. तो नको म्हणाला. गावी जाऊन वाट्याचं रान करणार होता. मी देवघरातून माळ आणून त्याच्यापुढे धरली, पण त्याने हात पुढे केला नाही. उतरवलेली माळ अशी पुन्हा घालता येत न्हाय, असं तो म्हणाला. बुवांपुढे जायचं, काय चुकलं ते सांगायचं, मग बुवा स्वतःच्या हाताने घालतील तर घालतील.

"पिलो म्हणून सांगितलं तर बुवा माफ करत्यात," तो म्हणाला. "लई जणांस्नी केलंय. पर मी पिलोच न्हाय. आन् न्हाय पिलो म्हणावं, तर कोर्टात खोटं बोललो. त्येला माफी न्हाय. काय सांगू त्यास्नी, वैनीसाब?"

मी त्याला म्हणाले, खरं काय ते सांग. खऱ्याला काय भ्यायचं, असंही वर म्हणाले. हे बोलताना माझा आवाज अगदी मामंजींसारखा समजूतदार झाला होता.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. तीन दिवस कोठडीत आणि महिनाभर तुरुंगात जे त्याला उमगलं नव्हतं, ते तो खरंच विचारत होता.

"मग तवा चौकीत तुमी का न्हाय लिवलंसा?"

माळ माझ्या हातात तशीच होती. मी त्याला म्हणाले, बस, चहा टाकते.