पंखाच्या आतून धरलेला ठोकळा

लेकीने विचुंबे गावात शेड भाड्याने घेऊन दोन माणसांचं विमान बांधायला काढलं, तेव्हा मी तिला विचारलं, "तयार का नाही घेत?"

"कारखान्यातल्या विमानाची हमी कंपनी देते," ती म्हणाली. "माझं 'प्रायोगिक' म्हणून नोंदवणार. अर्ध्याहून जास्त काम हौसेने, स्वतःच्या हाताने झालंय हे दाखवावं लागतं. चुकलं तर जबाबदार मीच."

तिने हे इतकं सहज सांगितलं की मला जास्तच भीती वाटली.

तरी मी रोज शेडवर जायची. ती बाहेरून पत्रे जोडणारे रिवेट ठोकायची, खिळ्याचं टोक चेपावं म्हणून मी पंखात हात घालून मागे लोखंडी ठोकळा धरायची. जवळच्या नव्या विमानतळावर उतरणारी मोठी विमानं वरून गेली, की मी मान खाली घालायची.

शेवटचा पत्रा लावून पंख बंद करण्याआधी तपासणीला विमान खात्याचे अधिकारी आले. टॉर्च मारत त्यांनी बराच वेळ घालवला.

"ठीक आहे ना?" मी न राहवून विचारलं.

"मला दिसलं तेवढं ठीक आहे, बाई."

त्या 'दिसलं तेवढं'ने माझी झोप उडवली.

नोंदणीची अक्षरं रंगवून झाली. इथे आकाश मोठ्या विमानांचं, म्हणून पंख सुटे करून सगळं ट्रकने घाटावरच्या धावपट्टीवर नेलं.

"मी शेजारी बसते," मी म्हटलं.

"चालत नाही, आई. चाचणीचे तास पुरे होईपर्यंत एकटीनेच उडवायचं. तेही वस्तीपासून लांब."

विमान उठलं. मी पंखांकडेच बघत होते, आणि बिघडलं भलतंच. इंजिनाचा आवाज अचानक उतरला. ती वळली, फार खाली आली. चाकं आपटली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि थांबलं.

ती उतरली आणि पंखाला धरून उभी राहिली. "इंजिन तापलं, म्हणून जोर कमी केला. खाली नुसतं माळरान दिसत होतं. खूप घाबरले गं."

"मग बंद कर हे."

"इंजिन गार राहावं म्हणून हवा आत जायची वाट वाढवते. मग परत बघू."

मी तडक गाडीत जाऊन बसले, रडले. थोड्या वेळाने ती काचेशी आली. "इंजिनाचं झाकण एकटीला निघत नाहीये."

मी उतरले. झाकण दोघींनी धरलं. "एक, दोन," ती म्हणाली, आणि आम्ही ते उचललं.