फिलेमोनाचं तोपिलपण

फिलेमोना आजीने बायकांसाठी काय काय केलं ते सांगायला बसलं, तर समोरच्या ताटातला घेवडा निवून जाईल. पोरींना शाळेत बसवलं, दारुड्या नवऱ्यांना भर चौकात जाब विचारला, दवाखान्यात बाळंतिणीला ताटकळत ठेवलं तर डॉक्टरच्या टेबलावर कोपर टेकून उभी राहिली. पण सगळ्याचं मूळ एकाच वर्षात आहे. त्या वर्षाची गोष्ट तिच्यापेक्षा तिचा नवरा क्रिसोफोरोच खुलून सांगायचा, कारण फजिती त्याची होती.

आमच्या डोंगरातल्या सान आंद्रेस याविचे गावाला सरकारकडून तेव्हा एकच काहीतरी मिळणार होतं. पुरुषांना बास्केटबॉलच्या मैदानावर छप्पर हवं होतं आणि बायकांना मक्याची गिरणी. पहाटेपासून पाट्यावर मका वाटायचा, आईच्या जोडीला थोरली लेक बसायची आणि तिची शाळा तिथेच पिठात जायची. पण ग्रामसभेत तोंड उघडायचा हक्क कुणाला? ज्याने गावाची चाकरी करून मानाची काठी धरली त्याला. बायका आपल्या खिडकीबाहेर.

फिलेमोनाने खिडकीतूनच गिरणीचा विषय काढला. अध्यक्षांनी रीत ऐकवली, की काठी धरल्याशिवाय बोलता येत नाही.

"मग द्या काठी," ती म्हणाली.

सभा खो खो हसली. क्रिसोफोरोचा जिवलग मेल्कियादेस, बँडमध्ये त्याच्या शेजारी बसणारा, गंभीर चेहरा करून उठला आणि त्याने तोपिल म्हणून फिलेमोनाचं नाव सुचवलं. तोपिल म्हणजे गावचा शिपाई. वर्षभर फुकटात कचेरी झाडायची, डोंगरापलीकडे निरोप न्यायचे, दंगेखोराला कोठडीत घालायचं. हसता हसता हात वर गेले. सगळ्यांत उंच हात क्रिसोफोरोचा. आता आमच्याकडे सभेत वर गेलेला हात देवालाही खाली करता येत नाही. हे हसणाऱ्यांच्या ध्यानात येईपर्यंत चिटणिसाने वहीवर शिक्का मारला होता.

वाटेत क्रिसोफोरोने समजूत घातली, की अगं, थट्टा होती ती.

"तुझा हात थट्टेचा दिसला नाही, म्हाताऱ्या. चांगला ताठ होता." लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती त्याला म्हाताराच म्हणायची.

जानेवारीत तिने काठी घेतली आणि मग खरी मेख कळली. तोपिलला कचेरी सोडता येत नाही, त्याची भाकरी घरून यायची. आजवर ती बायको आणायची. या तोपिलला बायको नव्हती, नवरा होता. पोरं लहान, त्यामुळे क्रिसोफोरो पाट्यापुढे गुडघे टेकून बसला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. आठवड्याभरात त्याचे गुडघे सुजले, खांदे भरून आले. सरावाला ट्रम्पेट ओठांपर्यंत जाईना.

त्यात गावच्या जत्रेत मेल्कियादेस मेस्काल ढोसून पाद्रीबाबांच्या गाढवावर चढला. फिलेमोनाने त्याला खाली उतरवून तीन दिवस कोठडीत घातलं. कैद्याचं पोट भरायचं कामही रीतीप्रमाणे तोपिलच्या घराकडेच. दुपारी क्रिसोफोरो टोपली घेऊन गजांपाशी आला.

मेल्कियादेसने एक घास चावला. "ही भाकरी आहे की पायताण?"

"खा गपगुमान. नाव कुणी सुचवलं होतं?"

"नीट वाट की जरा, गड्या. दाणे तसेच राहिलेत."

"तू ये बाहेर, तुलाच बसवतो पाट्यावर."

फिलेमोना दारात झाडू मारत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

डिसेंबरात छप्पर की गिरणी ते ठरवायला सभा भरली. खिडकीबाहेर बायकांची ही गर्दी. फिलेमोना काठी धरून आत उभी राहिली. ती म्हणाली, "मी वर्षभर गावाचं काम केलं. माझं घरचं काम एकाने केलं, त्याला विचारा." आणि खाली बसली.

सगळ्या माना क्रिसोफोरोकडे वळल्या. क्रिसोफोरोला छपराची फार हौस. पावसात बँड भिजतो म्हणून वर्षानुवर्षं तोच भांडत आलेला. तो उठला. त्याने विजार वर ओढली आणि काळेनिळे गुडघे सभेला दाखवले.

"बँड भिजला तर भिजू दे," तो म्हणाला. "गिरणी आणा."

पहिला हात त्याचा, दुसरा मेल्कियादेसचा. मग एकेक करत इतके वर गेले की चिटणिसाला दोनदा मोजावे लागले. बाहेर बायकांनी असा गलका केला की कुत्री भुंकत सुटली. अध्यक्षांनी घाम पुसला आणि सभा संपल्याचं जाहीर करायला तोंड उघडलं.

"बसा, बसा," फिलेमोना म्हणाली. "गिरणी कुठे बसवायची ते खिडकीतून कसं ठरवणार? आधी त्या बायकांना आत बाकं द्या."

क्रिसोफोरो तसाच, विजार वर ओढलेली, पहिलं बाक सरकवायला गेला.