बटणांच्या डब्यातली गाणी

मास्तरांना किळस फार लवकर यायची. लोकांचे कपडे हाताळून पोट भरणाऱ्या माणसाला ही सवय परवडत नाही, पण मास्तरांनी ती चाळीस वर्षं जिवापाड जपली होती. दोरा सुईत ओवण्याआधी थुंकीने टोकदार करणारा कारागीर त्यांनी पहिल्याच दिवशी घरी पाठवला होता. घामाने ताठ झालेली पँट टेबलावर आपटून 'जरा कमरेत सैल करा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ती पँट दोन बोटांनी उचलून परत देत आणि सांगत, "आधी धुऊन आणा, मग बोलू." डागावरून तशीच इस्त्री फिरवणारे, आतली शिवण अर्धवट सोडून वरून झगमगाट करणारे, अशा लोकांबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते घरात बोलण्यासारखं नव्हतं. पण त्यांना आयुष्यात सगळ्यात जास्त किळस ज्या माणसाची आली, तो माणूस गिऱ्हाईक नव्हता की कारागीर नव्हता. ते स्वतःच होते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत मास्तरीणबाई. तीस वर्षं त्यांनी याच दुकानात काजं केली आणि बटणं लावली. सात वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. आधी कडेकडेने अंधारलं, मग मधलंही गेलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. बाई एकदाच काय ते रडल्या. मग म्हणाल्या, "मला काम द्या." पण पुन्हा सुई हातात द्यायची मास्तरांची हिंमत होईना. टोचली तर काय घ्या! तेव्हा बाईंना उरली ती फक्त गाणी.

गाण्यांसाठी कपाटावर एक सीडी प्लेअर होता आणि त्याच्या शेजारी दोन लांब खोक्यांत एकशे बारा सीड्या उभ्या लावलेल्या. बाईंनी दुकानातला बटणांचा डबा मागवून घेतला आणि मास्तरांना समोर बसवून प्रत्येक सीडीच्या डबीवर एकेक बटण चिकटवून घेतलं. कुठल्या सीडीला कुठलं, ते त्यांनीच ठरवलं. सतारीला कोटाचं लाकडी बटण. बासरीला शिंपल्याचं, गुळगुळीत. नाचाच्या बँडला पितळेचं, वर जहाजाचा नांगर कोरलेलं. एक सीडी ओरखड्यामुळे तिसऱ्या गाण्यावर अडायची, तिला मुद्दाम कड तुटलेलं बटण दिलं. "आधीच कळलेलं बरं," बाई म्हणाल्या.

रोज सकाळी दुकान उघडलं की मागून खोक्यात बोटं फिरल्याची खडखड ऐकू यायची, मग कप्पा आत जाताना खर्र, आणि मग गाणं. बायकोचं आज काय बिनसलंय ते मास्तरांना मशीनवर बसल्या बसल्या कळायचं. आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं की हमखास बँड. बाईंना आंघोळीचं पाणीदेखील दुसऱ्याने काढून द्यावं लागे. कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता त्या दिवसभरात करत अशी ही एकच गोष्ट होती.

पुढे प्लेअरचा कप्पा अडकायला लागला. वर एक थापट मारली की उघडायचा, पण हे चिरंजीवांच्या कानावर गेलं. चिरंजीव शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत आणि कचेऱ्यांमधून कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम करत. मनाने पोरगा सोन्यासारखा. खोड एकच, जगातली कुठलीही गोष्ट तो 'सोपं आहे' म्हणून सुरू करायचा. दोन रविवार त्याने मागच्या खोलीत ठाण मांडलं आणि सगळ्या सीड्या एका काळ्या पेटीत उतरवल्या.

"सोपं आहे, बाबा. ही पेटी म्हणजे कॉम्प्युटरच, पण फक्त गाण्यांचा. सगळी गाणी आत. फोनवर बोट ठेवलं की सुरू. आईला जागचं उठायलासुद्धा नको."

"पण बोट ठेवायचं कुठे? काच तर सगळीकडे सारखीच लागते," बाईंनी विचारलं.

"तू कशाला ठेवतेस? तू नुसतं सांगायचं, बाबा लावतील."

"मी बोलले तर पेटीला नाही कळणार?"

"ते पुढच्या अपडेटमध्ये येईल."

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते दारात उभे राहून शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाका मारत होते, "या, या, आमच्या पोराने काय केलंय बघा!"

सीड्या चिरंजीवांनी मधल्या भोकातून एका दांडीवर ओवून रचून ठेवल्या आणि प्लेअर माळ्यावर टाकला. उरल्या रिकाम्या डब्या. त्या भंगारात देणं मास्तरांनी आपल्याकडे घेतलं. पण शिंप्याचा हात, तो बटण वाया कसं जाऊ देईल? बाई आत झोपलेल्या असताना मास्तरांनी दुकानात बसून चिमट्याने एकशे बाराच्या एकशे बारा बटणं उपटली, मागचा डिंक खरवडला आणि सगळी परत डब्यात टाकली. काय आपला नेटकेपणा, असंही त्यांना वाटलं.

पेटी आली आणि घरात एक साहेब येऊन बसला. तिच्या पोटातला पंखा दिवसभर घोरायचा. मागून हाक यायची, "अहो, जरा सतार लावता का?" मास्तर खडू टाकून, गळ्यात टेप तशीच ठेवून आत जायचे. फोनच्या काचेवर सगळ्यांच्या बोटांचे तेलकट ठसे. त्यावर आपलं बोट टेकवायचं म्हणजे त्यांना शिसारी यायची, म्हणून आधी ती काच धोतराच्या कापडाच्या चिंधीने पुसायची. मग पेटी पासवर्ड मागायची. मग सतार सापडायची नाही, कारण पेटीने एकाच सीडीचे तीन तुकडे करून तीन ठिकाणी कोंबले होते, आणि दोन तुकड्यांवर 'अनोळखी कलाकार' असं लिहून मोकळी झाली होती. असली शिवण मास्तरांच्या दुकानात कुणी केली असती तर उसवून तोंडावर मारली असती. आणि वर काचेवर लाडीगोडीची अक्षरं उमटायची, 'आज तुमचा मूड कसा आहे?'

"तुझ्या बापाला विचार," मास्तर म्हणायचे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. एका सकाळी चौथ्यांदा हाक आली तेव्हा ते मशीनवरूनच ओरडले, "आता काय?"

"काही नाही," आतून उत्तर आलं.

त्यानंतर हाका कमी झाल्या आणि मग थांबल्याच. मास्तरांना हायसं वाटलं. कोटांची कामं अंगावर होती, मान वर करायला फुरसत नव्हती. पेटी आता शहाणी झाली, असं त्यांनी चिरंजीवांना फोनवर सांगूनही टाकलं.

असे पंधरा-सोळा दिवस गेले. एका दुपारी मास्तर जेवून, हात पुसत दुकानात आले, तर बाई स्टुलावर बसलेल्या. मांडीत बटणांचा डबा. एकेक बटण उचलायचं, बोटांत फिरवायचं आणि टेबलावर ओळीत ठेवायचं असं चाललं होतं. ओठ हलत होते.

"काय शोधतेयस गं?"

"हे बासरीचं," बाई म्हणाल्या. "हे अडणाऱ्या सीडीचं, कड तुटलेली आहे. हा नांगर. सगळी सापडली, पण सतारीचं मिळत नाहीये. लाकडी."

लाकडी बटण मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला लावलं होतं. कोट मंगळवारीच गेला होता.

"तू गाणी ऐकतेस ना?"

"तुम्ही लावाल तेव्हा."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, आता काय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सहन होईना. बाईंची बोटं डब्याच्या तळाशी चाचपडत होती. तिथे नसलेलं बटण त्या शोधत होत्या आणि ते ज्याने उपटून विकलं तो माणूस पोट भरून, ढेकर देऊन समोर उभा होता. मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली. सोळा दिवस मागची खोली मुकी होती आणि यांना हायसं वाटत होतं! घामट पँट दोन बोटांनी उचलून परत देता येते. स्वतःला कुणाला परत देणार?

त्यांनी पेटीची वायर भिंतीतून ओढून काढली. माळ्यावरून प्लेअर उतरवला, पुसला, थापट मारून कप्पा उघडला. मग कोटांच्या अस्तराच्या कापडातून सीडीच्या मापाच्या पिशव्या बेतायला घेतल्या. पहिली पिशवी शिवून झाल्यावर त्यांनी सुईत दोरा ओवला आणि सुई बाईंच्या हातात दिली.

"बटण तूच लाव."

बाईंनी सुईचं टोक अंगठ्यावर हलकेच टेकवून पाहिलं आणि कामाला लागल्या. टाके पूर्वीसारखेच आले. सतारीसाठी त्यांनी शिंगाचं एक मोठं बटण निवडलं. मास्तर दांडीवरून सीडी काढायचे, तिच्यावरची बारीक चकचकीत अक्षरं वाचायचे आणि पिशवीत घालायचे.

मध्ये चिरंजीवांचा फोन आला. पेटी बंद दिसतेय, म्हणाले. मास्तरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"अहो बाबा, जग पुढे चाललंय आणि तुम्ही परत मागे?"

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "डोळे मीट आणि त्या काचेवर आईची सतार लावून दाखव." आणि त्यांनी फोन ठेवला.

तीन दिवसांनी सकाळी दुकान उघडल्यावर मागून बोटांची चाहूल आली. मास्तरांनी मशीन थांबवलं आणि ते दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी खोक्यातून शिंगाच्या बटणाची पिशवी काढली, सीडी कप्प्यात बसवली, कप्पा आत ढकलला. खर्र झालं. आणि पुढच्या क्षणी ढोल, कर्णे, झांजा असा नाचाचा बँड खोलीत उसळला.

मास्तर धावले. "अगं थांब, माझीच चूक! चष्म्यातून नीट दिसत नाही, भलतीच घातली मी. आण इकडे, बदलून देतो."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"अगं, पण तुला सतार हवी होती ना?"

"हवी होती. पण हे मी लावलंय."

त्यांनी चाचपून आवाजाची खुंटी शोधली आणि बँड आणखी मोठा केला.